पोचल्याची नोंद

१२ ऑक्टोबर

उलटसुलट बाई यांस नमस्कार.

साइटवर आपण घेतलेल्या नावानेच लिहितो. आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवर माझ्यापुढे दोन माणसे होती. आपले पार्सल दिले, पावती घेतली. येताना दूध आणि स्वयंपाकघरातला बल्ब घेतला. बल्ब चुकीच्या मापाचा निघाला, तो उद्या बदलून आणीन.

लिलावाच्या साइटवर लिहिल्याप्रमाणे पार्सलमध्ये विणकामाच्या मशीनचे कॅरेज आहे, म्हणजे सुयांच्या रांगेवरून इस्त्रीसारखा इकडून तिकडे फिरणारा, मुठीचा भाग. मशीनचा बाकीचा सांगाडा माझ्या हातून जिन्यात पडला आणि वाकला. कॅरेज तेव्हा टेबलावर होते म्हणून वाचले. नाहीतर तेही मीच नेणार होतो.

बांधणीविषयी लिहितो. खोके जाड पुठ्ठ्याचे आहे, घरातलेच, पूर्वी लोकर आलेले. आत वर्तमानपत्र कोंबले आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतले काटे तपासून त्यांना सील लावण्यात नोकरी गेली, त्यामुळे खोक्याला दोरी बांधून गाठीवर लाख लावल्याशिवाय मला राहवले नाही. आपला पत्ता कागदावर सुवाच्य लिहून खळीने वर चिकटवला आहे. त्यावर चिकटपट्टी मुद्दाम लावली नाही. सील गाठीवर असते, कागद उघडा ठेवायचा असतो, ही आमची पद्धत. पोस्टातल्या बाईंनी लाखेकडे बघून हे काय म्हणून विचारले. मी सविस्तर सांगितले. त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही.

पोस्टाचा काटा किंचित जास्त दाखवतो. मी बोललो नाही. निवृत्त माणसाने बोललेले लोकांना आवडत नाही.

आपला,
मापाडी


१३ ऑक्टोबर

मापाडीसाहेब,

साइटवर वस्तू पाठवली की लोक नुसता अंगठा दाखवतात. तुम्ही तर अहवाल पाठवलात. मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, लाख लावणारा माणूस चोर नसतो. त्यांच्याकडून एवढं प्रशस्तिपत्र मला लग्नानंतर बारा वर्षांनी मिळालं होतं, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं.

आमच्या लिलावाची गंमत सांगते. मी माझ्या फोनवरून बोली लावत होते, आणि कोणीतरी दुष्ट माणूस लगेच वर बोली लावत होता. मी चढवली की तो चढवायचा. मी दात-ओठ खात होते. शेवटी मी जिंकले आणि बाहेर येऊन ओरडले, तर सासूबाई फोन हातात धरून तोंड पाडून बसलेल्या. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्या पलीकडच्या खोलीतून तीच वस्तू घेत होत्या. तिसरं कोणी नव्हतंच. मधे एक भिंत, आणि दोन्ही बाजूंना एकेक शहाणी.

त्यामुळे पार्सलचा विमा घ्यायचा का असा जो चौकोन होता, तो मी रिकामा ठेवला. कुठेतरी हात आखडायलाच हवा होता.

माझं कॅरेज गेल्या महिन्यात तुटलं. ती कंपनी कधीच बंद पडली, भाग मिळत नाहीत. कॅरेज नसेल तर मशीन म्हणजे कपडे वाळत घालायची जागा. इथल्या एका शाळेचे हिरवे स्वेटर घेतलेत, डिसेंबर लागायच्या आत द्यायचे आहेत. दिले तर दर वर्षीचं काम मिळेल. नाही दिले तर ते कारखान्याकडे जातील आणि मग आम्ही दोघी एकमेकींसाठीच विणत बसू. म्हणून तुमच्या पार्सलची वाट बघतेय.

एक विचारायचं होतं. तुमच्या फोटोत कॅरेजच्या मागे हिरव्या लोकरीच्या लडी दिसतात, आमच्या शाळेचाच रंग आहे. घरात बाई विणत असणार. त्यांना विचाराल का, जाड लोकरीला ताणाचं बटण कितीवर ठेवतात? प्रत्येक कॅरेजचा स्वभाव वेगळा असतो, आणि तो चालवणारीलाच कळतो.

उलटसुलट


१५ ऑक्टोबर

उलटसुलट बाई यांस नमस्कार.

जाड लोकरीला बटण सातवर असायचे. सातच्या पुढे टाके ढिले पडतात. मी शेजारी बसत असे म्हणून माहीत आहे. मशीनला माझा उपयोग नव्हता. लोकरीचा गोळा करताना लड धरायला दोन हात लागतात, तेवढ्यापुरता मी लागे.

बल्ब बदलून आणला. हाही बसला नाही. होल्डरच वेगळा आहे, असे दुकानदार म्हणतो. आयुष्यभर दुसऱ्यांची मापे तपासल्याचा हा परिणाम असावा.

मापाडी


२३ ऑक्टोबर

मापाडीसाहेब,

पार्सल अजून आलं नाही. रोज फाटकाची कडी वाजली की सासूबाई आणि मी एकदम उठतो आणि दारात एकमेकींना आपटतो. काल पेपरवाला घाबरला.

तुमच्याकडे पावती आहे, जरा पाहता का कुठे अडकलंय? शाळेच्या बाईंचा फोन आला होता. मी सांगितलं, काम जोरात चालू आहे. जोरात चालू आहे ते फक्त माझं काळीज.

उलटसुलट


२४ ऑक्टोबर

उलटसुलट बाई यांस नमस्कार.

उत्तर कालच द्यायला हवे होते. परवा घरी दुसरेच एक पार्सल आले, घरातल्या माणसाच्या नावाचे. ते घेऊन ठेवून दिले. नंतर दुसरे काही करायला सुचले नाही.

आज पावतीवरचा क्रमांक साइटवर घालून पाहिला. पार्सल पोचल्याची नोंद आहे. तारीख २२, वेळ सकाळची, सही घेतल्याचेही लिहिले आहे. तेव्हा काळजीचे कारण नाही. आपण घरात नीट बघावे. दुसऱ्या कोणी सही करून घेतले असेल आणि सांगायचे राहिले असेल. वस्तू घरात येऊन कपाटात पडलेली असते आणि माणसे ती बाहेर शोधत फिरतात, हे मी तपासणीच्या वेळी कितीतरी दुकानांत पाहिले आहे. आपल्याच घरातल्या वस्तू आपल्याला दिसत नाहीत. त्याला त्रयस्थ नजर लागते.

मापाडी


२५ ऑक्टोबर

महाशय,

नीट बघितलं. तुमच्या सांगण्यावरून मी आणि सासूबाईंनी कपाटं, पलंगाखालचं, माळ्यावरचं सगळं काढलं. माझ्या लग्नातली एक चप्पल सापडली. कॅरेज नाही सापडलं. आमच्या घरात सही करू शकणाऱ्या दोनच बायका आहेत आणि दोघींनी केलेली नाही. पोस्टमनला रस्त्यात गाठलं. तो म्हणतो, तुमच्या नावाचं या महिन्यात काहीच आलेलं नाही.

मग ही सही कोणाची? पोचलं ते कोणाला पोचलं?

तुमची भाषा मला आवडली नाही. त्रयस्थ नजर म्हणे. मी पैसे वस्तूसाठी दिले होते, पावतीसाठी नाही. माझ्या हातात पडेपर्यंत ती वस्तू तुमची. वाटेत हरवली तरी तुमची हरवली. मी दुकानातून ब्रेड मागवला आणि तो मांजराने पळवला, तर मी मांजराला पैसे द्यायचे का?

मी साइटकडे तक्रार केली आहे. आणि हे पत्र तुमच्या घरच्या बाईंना दाखवा. तुम्हाला नाही कळलं तरी त्यांना कळेल. ज्या बाईने मशीन चालवलंय तिला माहीत असतं, मशीन बंद पडलं की घर कसं होतं ते.

सासूबाईंनी प्रशस्तिपत्र परत घेतलं आहे. त्यांच्या मते लाखेखाली आधीच वीट होती.

उलटसुलट


२७ ऑक्टोबर

श्रीमती उलटसुलट यांस.

आपले पत्र मिळाले. घरच्या बाईंना दाखवता आले नाही.

वीट नव्हती. बाकी मुद्द्यांवर माझे म्हणणे असे. माल तपासून, बांधून, सील करून काट्यावरून उतरला आणि वाहतूकदाराच्या ताब्यात गेला की विकणाऱ्याचे काम संपते. पुढे वाहतूकदार आणि घेणारा. त्या वाटेसाठीच विमा असतो, आणि तो चौकोन रिकामा ठेवल्याचे आपणच मला कळवले आहे. पार्सल कोठेतरी हरवले असते तर मी आपल्याबरोबर शोधले असते. पण ते हरवलेले नाही. ते पोचले आहे, सहीनिशी. पोचलेल्या वस्तूची जबाबदारी ज्याने ती घेतली त्याची, एवढे साधे आहे.

हे मी साइटला कळवले आहे, पावतीच्या प्रतीसह. मांजराचे उदाहरण समर्पक वाटत नाही.

मापाडी


५ नोव्हेंबर

मापाडीसाहेब,

साइटने आपला पत्रव्यवहार बंद केला, म्हणून हे कागदावर. तुमचा पत्ता त्यांच्या निकालपत्रावर होता.

निकाल तुम्ही वाचलाच असेल. पोचल्याची नोंद असल्यामुळे विकणाऱ्याची जबाबदारी संपते. माझी तक्रार फेटाळली, आणि माझ्या नावापुढे एक लाल खूण आली आहे. या खुणेचा अर्थ काय असं मी विचारलं, तर म्हणाले, वस्तू मिळूनही मिळाली नाही म्हणणारी गिऱ्हाइकं आम्हाला ओळखता यावीत म्हणून. सासूबाईंनी ते ऐकलं आणि दुपारी जेवल्या नाहीत. मला आयुष्यात बरीच नावं ठेवली गेली, त्यांतली काही खरीही होती. हे नाव खोटं आहे. तुम्हाला मी एवढंच सांगू शकते की तुमचं कॅरेज माझ्याकडे आलं नाही. त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

आता भांडायला वेळ नाही. आम्ही दोघी हाताने विणायला बसलोय. सासूबाईंची बोटं सुजलेली असतात तरी त्या सकाळी माझ्या आधी सुया घेऊन बसतात. बोलत नाहीत. आमच्या घरात दोन बायका गप्प बसल्यात म्हणून शेजारीण चौकशीला आली.

ज्या कामासाठी लिहितेय ते असं. हिरवी लोकर कमी पडतेय आणि त्या रंगाचा माल दुकानदाराकडे संपलाय. तुमच्या फोटोत लडी दिसत होत्या. बाईंना लागत नसतील तर विकता का? सांगाल तो भाव देईन, लिलाव नको. पैसे आधी पाठवते. आणि या वेळी वाटेत हरवली तर माझी हरवली, लिहून देते. तुमच्याशी व्यवहार करायची हौस नाही, पण रंग तोच आहे.

उलटसुलट


९ नोव्हेंबर

उलटसुलट बाई,

तुमचं कॅरेज सापडलं आहे. माझ्या घरात, माझ्या कपाटात. मी ते सही करून घेतलेलं आहे.

पुढचं वाचायची इच्छा नसेल तर एवढंच वाचा की ते आज निघालं, आणि या पत्राच्या आधी किंवा बरोबर पोचेल. लोकर त्यातच आहे. तिचे पैसे नकोत. लिलावाचे पैसे मी परत पाठवले आहेत. साइटलाही आज सगळं लिहून कळवलं. लाल खूण काढतो म्हणाले. विकणाऱ्याच्या नावापुढे लावायला त्यांच्याकडे कुठली खूण आहे असं मी विचारलं. असा प्रसंग यापूर्वी आला नाही म्हणाले.

आता घडलं ते सांगतो.

फोटोतली लोकर माझ्या पत्नीची होती. मशीनही तिचं. ती जूनमध्ये गेली. मी तुम्हाला हे आधी लिहिलं नाही. तुम्ही ‘बाईंना विचारा’ असं लिहीत होतात आणि मला ते वाचायला बरं वाटत होतं, म्हणून मी दुरुस्त केलं नाही. मापाडी हे नाव तिचंच. भाजीवाल्याच्या काट्याकडे मी वाकून बघायला लागलो की ती म्हणायची, मापाडी, चला आता.

तिच्या सामानाचं काहीतरी करा असं सगळे म्हणत होते, म्हणून मी मशीन खाली न्यायला निघालो. पुढचं तुम्हाला माहीत आहे, जिना. कॅरेज उरलं. तुमच्या पार्सलसाठी मी तिने जपून ठेवलेल्या खोक्यांतलं एक घेतलं. ती लोकर पोस्टाने मागवायची. खोक्याच्या तळाला लोकरीच्या दुकानाने चिकटवलेली चिठ्ठी होती, छापील, तिचं नाव आणि आमचा पत्ता. वरून प्लॅस्टिक लावलेली, नखाने निघणार नाही अशी. मी खोकं बांधताना सगळ्या बाजू तपासल्या, तळ सोडून. काटा तपासताना आम्ही पहिल्यांदा तळ बघतो.

पुढे काय झालं असेल ते मी पोस्टातल्या बाईंबरोबर बसून जुळवलं. खळीने लावलेला तुमचा पत्ता वाटेत कुठेतरी निघून पडला. माझी दोरीही तुटली असावी. पोस्टाने खोक्याला आपली पिवळी पट्टी गुंडाळली, उलटसुलट करून पत्ता शोधला, आणि जो होता त्यावर पाठवून दिलं. त्यांची काही चूक नाही. त्यांना लिहिलेला एकच पत्ता सापडला, तो माझा.

२२ तारखेला सकाळी पोस्टमन दारात उभा. नवीन होता. त्याने तिचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, इथेच राहतात ना? मी हो म्हणालो.

त्याला सांगता आलं असतं. बँकेत सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, मला आता ते सांगायची सवय झाली आहे. पण कोणीतरी राहतात ना असं विचारल्यावर हो म्हणायला इतकं बरं वाटलं, की मी सही केली आणि खोकं घेऊन आत आलो. वाटलं, तिने कधीतरी मागवलेली लोकर उशिरा आली. खोकं जड लागलं. लोकर इतकी जड कशी, असाही विचार आला. मग वाटलं, माझ्याच हातांतली ताकद गेली. ज्या माणसाला डोळे मिटून पावशेर जास्त आहे की कमी हे सांगता येतं अशी ख्याती होती, त्याने स्वतः तोललेलं पार्सल दोन्ही हातांत धरलं आणि ओळखलं नाही.

तिची पार्सलं मी कधी उघडत नसे. तिला ती स्वतः उघडायला आवडायची. नाव दिसू नये म्हणून ते मी तळ वर न करता तिच्या कपाटात ठेवलं आणि कपाट लावलं. त्यानंतर बसून तुम्हाला पत्र लिहिलं, की घरात नीट बघा. त्यातली वाक्यं मला आता पाठ आहेत. त्रयस्थ नजरेचं तर विशेष.

तुमचं लोकरीचं पत्र आलं तेव्हा मी अजून स्वतःवर खूश होतो. निकाल टेबलावरच होता. जिंकलेल्या माणसाने मन मोठं करावं, अशा थाटात मी लोकर द्यायला उठलो. कपाट उघडलं. आतल्या लडी तिने हाताळलेल्या होत्या, अर्ध्या गोळ्यात तर सुई तशीच होती. त्यांना हात लाववेना. न उघडलेल्या पार्सलला निदान तिचा हात लागलेला नव्हता, म्हणून ठरवलं की आधी त्यातली लोकर पाठवू. चाकूने पट्टी कापली. वर माझं वर्तमानपत्र होतं, शब्दकोडं सोडवलेलं, माझ्याच अक्षरात, दोन चुकांसह. त्याखाली कॅरेज. बटण सातवर.

पहिल्यांदा मनात आलं ते सांगतो, कारण आता लपवून काय उरलं: कोणी हे इथे आणून ठेवलं? मग खोक्याच्या बाजूचा पोस्टाचा क्रमांक पाहिला. पावतीवरचाच.

मालाची जबाबदारी कोणावर, यावर मी तुम्हाला बरंच लिहिलं. आता पाहिलं तर पाठवणारा मी, मिळालेला मी, हरवणारा मी आणि पोचल्याचा पुरावा देणाराही मी. तुम्ही फक्त पैसे दिले आणि बोलणी खाल्ली. नोकरीत मी बऱ्याच लबाड दुकानदारांना धरलं, पण इतका एकहाती व्यवहार पाहिला नव्हता. तुम्ही आणि सासूबाईंनी भिंतीआडून एकमेकींशी बोली लावली ती गोष्ट वाचून मी हसलो होतो. तुमच्या मधे निदान भिंत तरी होती.

तुम्हाला लाल खूण लागली आणि सासूबाई जेवल्या नाहीत, हे मी परत घेऊ शकत नाही. मला माफ करा. त्यांनाही सांगा.

मग कपाटातली सगळी हिरवी लोकर काढली, सुई असलेला गोळा सोडून. खोकं नवीन आणलं. पोस्टातल्या बाईंनी माझ्या हातातून ते घेतलं, तुमचा पत्ता स्वतः जाड पेनने थेट पुठ्ठ्यावर लिहिला, चारही बाजूंना आणि तळाला. लाख पिशवीतून बाहेरही काढू नका म्हणाल्या. मी विमा मागितला. त्यांनी विचारलं, कशापासून? मी म्हणालो, माझ्यापासून.

मापाडी


१७ नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र आणि पार्सल एकाच दिवशी आलं. मी आधी पार्सल उघडलं, कारण पत्रात आणखी काही नियम असतील असं वाटलं. मग पत्र वाचलं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवत होते, पोस्टमनने विचारलं तिथपर्यंत आले आणि पुढचं त्यांनी माझ्या हातातून घेऊन मनात वाचलं.

मी तुमच्यावर किती चिडले होते ते तुम्हाला सांगायचं ठरवून ठेवलं होतं, चांगली वाक्यं जमवली होती. आता ती वाया गेली. ‘बाईंना विचारा’, ‘बाईंना दाखवा’ असं मी लिहीत राहिले. मला ठाऊक असतं तर लिहिलं नसतं. पण तुम्हाला बरं वाटत होतं असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा ते तसंच राहू दे.

कॅरेज छान चालतंय. मी सवयीने बटण सहावर नेलं, तर टाके दाटले. सातवर आणलं आणि ते नुसतं धावायला लागलं. बाईंना हे यंत्र नेमकं कळलं होतं. वीस-पंचवीस ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मूठ एका बाजूला झिजून गुळगुळीत झाली आहे, डावीकडे. माझा हात त्याच खळग्यात बसतो.

तुम्ही पाठवलेले लिलावाचे पैसे मी परत करते आहे. ऐकून घ्या. वस्तू मिळाली, म्हणजे किंमत द्यायची. विमा मीच घेतला नव्हता, हेही खरं. सासूबाई म्हणतात, विकणाऱ्याने तळ बघायचा, घेणाऱ्याने चौकोन भरायचा, आणि दोघांनी लिहायच्या आधी एक रात्र झोपायचं. त्या आता बोलायला लागल्यात. फार बोलतात. प्रशस्तिपत्रही परत दिलंय, थोडी दुरुस्ती करून: लाख लावणारा माणूस चोर नसतो, पण त्याला एकट्याला पोस्टात पाठवू नये.

स्वेटर वेळेवर होतील असं दिसतंय, गळ्याच्या पट्ट्यांसाठी मात्र थोडी लोकर कमी पडेल. तुमच्याकडे एखादी लड राहिली आहे का? असली तर गोळा करून पाठवा. इथे लड धरायला कोणाचे हात मोकळे नाहीत.

तो अर्धा गोळा पाठवू नका.

उलटसुलट


२० नोव्हेंबर

उलटसुलट बाई,

सकाळी बाजारात गेलो. भाजीवाल्याचा काटा कमी दाखवत होता. बोललो. त्याने दोन कांदे जास्त टाकले आणि म्हणाला, काका, बरेच दिवसांनी.

स्वयंपाकघरात बल्ब लागला. होल्डर बदलून घेतला. हे मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो.

पैसे मिळाले. ठेवून घेतो, आणखी एक पार्सल इकडून तिकडे जायला नको. सासूबाईंची दुरुस्ती मान्य आहे.

कपाटातल्या फळीच्या मागे दोन लडी निघाल्या. उद्या पाठवीन, पोस्टातल्या बाई पत्ता लिहिणार आहेत. गोळा कसा करायचा हे मी वर्षानुवर्षे समोर बसून पाहिलं आहे, पण ते टोक माझ्या हातात कधी नव्हतं. मी हात हलवतो म्हणून बोलणी खायचो. म्हणून खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली आहे आणि तिच्या दोन पायांना लड अडकवली आहे. खुर्ची हात हलवत नाही. थोडंसं गुंडाळून पाहिलं. गोळा गोल होत नाही, लांबट होतो. पुन्हा सोडला.

आता हे पाकीट बंद करतो आणि सुरुवातीपासून गुंडाळायला बसतो.

मापाडी